लोड टाकल्याशिवाय पास म्हणू नका

मार्चच्या शेवटी माझी पुतणी अमरावतीहून अकोल्याला घरी आली. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बॅगेतून तिने एक छोटा बोर्ड काढला, तळहातावर मावेल एवढा. त्याच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी सहा पायांची चिप आणि भोवती तारा जोडायला पिना. "चाचा, हा माझा प्रोजेक्ट," ती म्हणाली. मग हळूच, "सर म्हणतात, फार छोटा आहे. काहीतरी मोठं करा."

मोठं म्हणजे काय? तिच्या वर्गातल्या एका गटाने मोबाइलवरून दिवे लावणारं घर विकत आणलं होतं. हो, विकत. तयार प्रोजेक्ट, सोबत छापील अहवाल आणि तोंडी परीक्षेत काय बोलायचं त्याचा कागदही. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एका कॉलेजची नाही. वऱ्हाडात कुणाच्याही घरी शेवटच्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी असेल तर विचारून बघा.

या लेखात मला त्या छोट्या बोर्डाची बाजू घ्यायची आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. त्या चिपला लोड स्विच म्हणतात. घरातल्या बटनाचंच काम, पण बोटाऐवजी मायक्रोकंट्रोलरच्या इशाऱ्यावर चालणारं. आत एक मॉस्फेट असतो, तो वीज सोडतो किंवा अडवतो. पुतणीला हे हवं होतं एका शेतासाठी. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांची संत्र्याची बाग मोर्शीकडे आहे. जमिनीतला ओलावा मोजणारी डबी बागेत ठेवायची, बॅटरीवर. सेन्सर सतत चालू ठेवला तर तो २० मिलिअँपिअर खातो. ३००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सहा दिवसांत संपते. तासातून फक्त १० सेकंद चालू ठेवला तर सरासरी खर्च ०.०६ मिलिअँपिअरच्याही खाली येतो. मग तीच बॅटरी महिनोन् महिने पुरते. सहा दिवस आणि महिनोन् महिने यांच्यातला फरक म्हणजे ही चिप.

तिच्याकडे होता तो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीपीएस२२९१८, साडेपाच व्होल्ट आणि दोन अँपिअरपर्यंतचा. या कंपनीने बंगळुरात आपलं केंद्र १९८५ सालीच उघडलं, म्हणजे हे काम आपल्या देशाला नवीन नाही. आपल्या गल्लीला नवीन आहे. चिपसोबत कंपनी जो बोर्ड विकते त्याला इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणतात. मला त्याची कल्पनाच आवडली. कंपनी डेटाशीटमध्ये दावा करते की या स्विचचा रोध ५२ मिलीओम आहे. आणि वर बोर्ड हातात देऊन सांगते, आमच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः मोजा. मोजायला सोपं जावं म्हणून वेगळे पॉइंटही काढून ठेवते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुट्टी लागली होती. म्हणून चाचणी झाली भाईजानच्या दुकानात. अब्बांच्या काळात तिथे रेडिओ आणि टेप दुरुस्त होत. आता इन्व्हर्टर, चार्जर, एलईडी बल्ब आणि शेतकऱ्यांचे बॅटरीवरचे फवारणी पंप येतात. भाईजान दहावी नापास. डेटाशीट त्यांनी आयुष्यात वाचलेली नाही.

पहिल्या दिवशी पुतणीने पाच व्होल्टचा सप्लाय लावला आणि लोड म्हणून सिमेंटचा जाड रेझिस्टर जोडला. साधारण एक अँपिअर वाहू लागला. ५२ मिलीओममधून एक अँपिअर गेला तर ५२ मिलिव्होल्ट पडायला हवेत. मीटरने दाखवले ९८. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, चिप खराब आहे, नाहीतर डेटाशीट खोटी.

भाईजान शेजारी एका पंपाचं सोल्डरिंग करत होते. वर न बघता म्हणाले, "बेटा, मीटर चिप के पैरों पे लगा. तू वायर का भी नाप रही."

तिने मीटरच्या सुया तारेच्या क्लिपांवरून काढून चिपच्या अगदी जवळच्या पॉइंटवर टेकवल्या. ५४ मिलिव्होल्ट. बाकीचे ४४ तारांमध्ये आणि सैल क्लिपांमध्ये पडत होते. वीज एका वाटेने न्यायची आणि मोजमाप दुसऱ्या, स्वतंत्र वाटेने करायचं, या पद्धतीला पुस्तकात केल्विन मापन म्हणतात. पुतणीने ती परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. भाईजानना नाव माहीत नव्हतं, पण हाताला सगळं ठाऊक होतं. एकाच घरात नाव एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे, आणि दोघांची गाठ पडायला बावीस वर्षं लागली.

दुसरी चाचणी चालू होण्याच्या क्षणाची. तिच्या डबीत ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर होता. रिकामा कपॅसिटर म्हणजे रिकामी टाकी, नळ सोडला की पाणी धो धो शिरतं. पाच व्होल्ट १०० मायक्रोसेकंदांत चढवायचे तर हिशेबाने २३ अँपिअरहून जास्त लागतात. एवढे कुठून येणार? सप्लायच खाली बसतो. तिचा मायक्रोकंट्रोलर प्रत्येक वेळी सेन्सर चालू करताच स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होत होता. तेच पाच व्होल्ट पाच मिलिसेकंदांत हळूहळू चढवले तर अर्ध्या अँपिअरच्या आत काम होतं. चिपला त्यासाठी एक वेगळा पाय आहे. त्याला छोटा कपॅसिटर जोडला की स्विच सावकाश उघडतो. तिने मोठ्या किमतीचा कपॅसिटर लावला आणि डबी शांत झाली.

हे ती भाईजानना समजावत होती तेव्हा त्यांनी दुकानातल्या सिरीज बल्बकडे बोट दाखवलं. दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात हा असतो, शंभर वॉटचा पिवळा बल्ब. दुरुस्त केलेली वस्तू पहिल्यांदा थेट विजेवर लावत नाहीत, या बल्बमधून लावतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो. वस्तू चांगली असेल तर क्षणभर लखकन पेटतो आणि मंदावतो. "हेच ना ते लखकन?" भाईजान म्हणाले. हेच. चाळीस वर्षं ते लखकन आमच्या डोळ्यांसमोर होत होतं.

तिसरी चाचणी वऱ्हाडाची. डेटाशीटमधले ठळक आकडे बहुतेक २५ अंश सेल्सिअसला मोजलेले असतात. एप्रिलच्या अखेरीस अकोल्यात २५ अंश कुठे मिळणार? पहाटेच्या पाण्यातही नाही. पुतणीने बोर्ड प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून दुपारी पत्र्यावर ठेवला. डबीतलं तापमान ५८ अंशांवर गेलं. एक अँपिअरला जे ५४ मिलिव्होल्ट होते ते ६१ झाले. मॉस्फेट तापला की त्याचा रोध वाढतो, हे डेटाशीटच्या आतल्या आलेखात लिहिलेलंच असतं, पण आतलं पान कोण उघडतो? आणि करंट दुप्पट केला की उष्णता चौपट होते. एक अँपिअरला चिप जेमतेम दहा अंश तापत असेल, तर दोन अँपिअरला चाळीसच्या आसपास, आणि ते डबीतल्या ५८ वर. चिप जळणार नाही, ती याहून जास्त सोसते. पण थंड खोलीत जी मोकळीक दिसत होती ती पत्र्यावर बरीच कमी झाली. आपल्या उन्हात मोजल्याशिवाय आपल्या शेतात काय होईल ते कळत नाही.

शेवटची चाचणी स्विच बंद असतानाची. बंद म्हणजे खरंच बंद का? दुकानातल्या मीटरला इतका बारीक करंट दिसत नाही. तिने वाटेत एक लाख ओमचा रेझिस्टर घातला आणि त्याच्यावरचे व्होल्ट मोजले. ५० मिलिव्होल्टपेक्षा थोडे कमी, म्हणजे अर्धा मायक्रोअँपिअर. बॅटरीला काही धास्ती नाही.

चार चाचण्या, तीन आठवडे, एक वही. सरांच्या म्हणण्याप्रमाणे हे छोटं.

सरांची बाजूही मांडतो, ती खोटी नाही. नोकरी द्यायला येणाऱ्या कंपन्या मोठे शब्द ऐकतात. तपासायला येणाऱ्यांना काहीतरी हलताना, लुकलुकताना दिसावं लागतं. साठ मुलांच्या साठ वह्या वाचायला एका शिक्षकाकडे वेळ कुठे आहे? हे सगळं मान्य. पण विकत आणलेल्या घराचे दिवे लागतात तेव्हा परीक्षा नक्की कुणाची होते? ज्याने ते घर बनवून विकलं त्याची. तो पास झाला, पदवी मात्र दुसऱ्याला मिळाली. आपण मुलांना लोड न टाकता पास म्हणतो, आणि मग पहिल्या नोकरीत लोड पडला की सप्लाय खाली बसतो.

दुसरं बोलायचं ते आपल्या माणसांशी. आपल्याकडे विज्ञानाचा विषय निघाला की कुणीतरी इब्न अल-हैसमचं नाव काढतो, आपण माना डोलावतो आणि चहा मागवतो. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा अभिमान फुकट मिळतो. त्याने सांगितलेली गोष्ट, ऐकीव मानू नका, तपासून बघा, ती महाग आहे. अकोल्यात, अमरावतीच्या इतवाऱ्यात, वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारात रिपेरिंगच्या दुकानांवर आपली किती मुलं बसली आहेत बघा. ती दिवसभर तपासतच असतात. पण लिहीत नाहीत. अब्बा दुरुस्त केलेला रेडिओ दोन तास वाजवल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नसत. कुठल्या कंपनीचा कुठला भाग कुठल्या महिन्यात जातो, हे त्यांना तोंडपाठ होतं. ते गेले तेव्हा एक ओळही मागे नव्हती. आमच्या घरातलं एक अख्खं डेटाशीट कब्रस्तानात गेलं. याला जबाबदार कोण? सरकार नाही, कॉलेज नाही. मी. शिकलेला मुलगा मी होतो, आणि त्यांच्याजवळ वही घेऊन बसायला मला कमीपणा वाटत होता.

म्हणून दोन गोष्टी मागतो. महाविद्यालयांनी आणि आयटीआयने वर्षाला एक गुणपत्रक असंही ठेवावं की ज्यात विद्यार्थ्याने एकच छोटी वस्तू घेतली, पूर्ण मोजली, कुठे चुकला ते लिहिलं. बोर्ड एका गटात एक पुरतो, तो पुढच्या वर्षीही चालतो. तयार प्रोजेक्टपेक्षा स्वस्तच पडतो. तोंडी परीक्षेत फक्त एवढं म्हणावं, माझ्यासमोर लोड टाक. दुसरं, रिपेरिंगवाल्यांनी दुकानात एक वही ठेवावी. काय आलं, काय मोजलं, काय निघालं. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, जमेल तसं लिहा. आणि घरातल्या शिकणाऱ्या मुलीला स्टुलावर बसू द्या, दुकान मर्दांचं असतं म्हणून परत पाठवू नका.

पुतणीला प्रोजेक्टमध्ये मध्यम गुण मिळाले. लुकलुकणाऱ्या घराला जास्त मिळाले. तिने रडारड केली नाही. तिची डबी आता मोर्शीच्या बागेत एका झाडाखाली आहे आणि पहिल्या दिवशी घातलेली बॅटरी अजून चालू आहे. वहीच्या पहिल्या पानावर तिने चाचणी करणाऱ्यांची नावं लिहिली आहेत. दोन नावं आहेत. दुसरं भाईजानचं. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "हे इंग्रजीत काय लिहिलंय माझ्या नावापुढे?"

तिने सांगितलं, "मापन."