मोठा पडदा: लाभ कोणाला, भार कोणावर?

२२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. सणासुदीच्या तोंडावर जनतेला दिलेली भेट म्हणून या निर्णयाचा गाजावाजा झाला. ही भेट नेमकी कोणाच्या पदरात पडली, हे मात्र तपासले पाहिजे. जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंतच्या संचावर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या संचावर २८ टक्के असा भेद होता. लहान पडदा घेणाऱ्याने कमी आणि मोठा पडदा घेणाऱ्याने अधिक दराने कर द्यावा, एवढे न्यायाचे तत्त्व तरी त्यात होते. ते आता पुसले गेले. समजा, करपूर्व साठ हजारांचा संच कोणी घेतला, तर त्याचे सहा हजार रुपये वाचले. करपूर्व दहा हजारांचा संच घेणारा पूर्वी १,८०० रुपये कर भरत होता. आजही तेवढाच भरतो.

या हिशेबाचा अर्थ मानपाड्यात चांगला उमगतो. या नावाची दोन ठिकाणे आपल्या जिल्ह्यात आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरे डोंबिवली पूर्वेला, औद्योगिक वसाहतीच्या अंगाला. दोन्हीकडे पाड्यांच्या आणि शेतांच्या जागी टोलेजंग संकुले उभी राहिली, आणि त्यांच्या आडोशाला चाळींची दाटी झाली. संकुलातील दिवाणखान्यात पासष्ट इंचांचा पडदा भिंत व्यापून असतो. त्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या दहा बाय बाराच्या खोलीतही त्रेचाळीस इंचांचा संच हप्त्यावर आलेला असतो.

हे पाहून आपल्यातील काही मित्र नाक मुरडतात. पोटाला चिमटा घेऊन ही चैन कशाला, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल श्रमिकाला उपदेश करणाऱ्या सुखवस्तूंचा आहे. समाजवाद्यांना तो शोभत नाही. बहुपडदा चित्रपटगृहात चौघांना न्यायचे तर हजार रुपये सहज मोडतात. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाने घरच्यांसोबत चित्रपट किंवा सामना डोळे न ताणता पाहावा, यात गैर काय? दृष्टी अधू झालेल्या वृद्धांना, पडद्यावरील अक्षरे वाचूनच संवाद समजणाऱ्या कर्णबधिरांना आणि शाळेच्या शेवटच्या बाकावरील मुलाला मोठ्या पडद्याचा खरा उपयोग आहे. तेव्हा तंत्रज्ञानाशी आपले वैर नाही. त्याचा खर्च कोणी सोसावा आणि त्याचा लाभ कोणापर्यंत पोहोचावा, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम खर्चाकडे पाहू. दुकानातील किंमत हा त्याचा एक भाग झाला. उरलेले भाग पावतीवर छापलेले नसतात.

पहिला भाग विजेचा. पडद्याचे माप कर्णात सांगतात, परंतु उजळावे लागते ते क्षेत्रफळ. बत्तीसऐवजी पासष्ट इंच घेतले की कर्ण दुप्पट होतो आणि क्षेत्रफळ चौपट. प्रकाशाची तीव्रता तीच ठेवली, तर विजेची गरजही जवळपास त्याच प्रमाणात वाढते. प्लाझ्मा पडदे वीज फार खात. २०१४ च्या सुमारास त्यांचे उत्पादन थांबले. आजचे एलईडी संच त्या मानाने काटकसरी आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि आकार वाढवीत नेल्याने ही बचत निकालात निघते. शंभर वॅटचा संच रोज पाच तास चालला, तर महिन्याला पंधरा युनिटे लागतात. एका घराला हे जड वाटणार नाही. पण हजार घरांच्या संकुलात असे हजार संच रात्री नऊला सुरू झाले की केवळ त्यांच्यासाठी शंभर किलोवॅटची मागणी उभी राहते, आणि तीही सूर्य मावळल्यावर. त्या वेळी मुख्य भिस्त कोळशावर असते. चंद्रपूर आणि कोराडीच्या रहिवाशांनी फुप्फुसात घेतलेली राख मानपाड्याच्या वीजबिलात दिसत नाही.

दुसरा भाग दुरुस्तीचा. जुन्या काचनळीच्या संचात बिघाड झाला, तर नाक्यावरचा कारागीर मागची फळी उघडून सुटा भाग बदलत असे. आजच्या संचाचे पॅनेल फुटले, तर दुरुस्तीचा खर्च बहुधा नव्या संचाच्या जवळ जातो. हे पॅनेल मुख्यतः चीनमधून येते. आपल्याकडे बहुतांशी जुळणी होते. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, परिसरात वाढलेली व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. संच मोडीत निघतो तेव्हा कारागिराचा धंदा जातो, घेणाऱ्याच्या मानेवर नवा हप्ता बसतो आणि नफा परभारे निघून जातो.

तिसरा भाग सर्वांत अदृश्य आहे. संच स्वस्त का झाले? उत्पादनखर्च उतरला, हे एक कारण. दुसरे असे की संच विकल्यावरही कंपनीची कमाई चालू राहते. इंटरनेटला जोडलेला संच घरातली माणसे काय पाहतात याची नोंद करू शकतो, आणि ती नोंद जाहिरातदारांना विकता येते. अमेरिकेतील व्हिझिओ कंपनीने प्रेक्षकांच्या संमतीविना अशी माहिती गोळा केल्याचे प्रकरण २०१७ मध्ये बावीस लाख डॉलर भरून मिटविण्यात आले. ज्या पडद्याकडे आपण पाहतो, तो आपल्याकडेही पाहत असतो.

चौथा भाग कचऱ्याचा. काचनळीच्या संचात शिसे असते, तर एलसीडीच्या पहिल्या पिढीतील प्रकाशनळ्यांत पारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. प्रत्यक्षात जुना संच बहुधा भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो, आणि हातमोजेही नसलेला पोरसवदा मजूर तो फोडतो.

म्हणजे लाभ घरात येतो आणि भाराचा मोठा वाटा दाराबाहेर टाकला जातो. याला पर्याय नाही, असे सांगणाऱ्यांना आपलाच इतिहास दाखवावा लागेल. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात, अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन, ‘साइट’ नावाचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत झाला. संच हैदराबादच्या सार्वजनिक क्षेत्रातील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनविले. अँटेनासाठी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वापरण्यात आली. एका गावाला एक संच होता आणि त्यासमोर सारे गाव बसे. आणीबाणीच्या त्या काळात पडदा सरकारच्या मुठीत होता, हे विसरता येणार नाही. परंतु संच समाजाचा असू शकतो, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. पुढे १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत संचांचे दरवाजे उघडले. घरोघरी संच हेच धोरण ठरले आणि सार्वजनिक संच मागे पडला. त्याच वर्षी नेमलेल्या डॉ. पी. सी. जोशी कार्यगटाने यंत्रसामग्रीच्या विस्तारामागे कार्यक्रमांचा आशय फरफटत असल्याकडे लक्ष वेधले होते. तो इशारा आजही लागू आहे. दूरदर्शनच्या फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या आहेत. त्या मोठ्या पडद्यावर अधिकच धूसर दिसतात. चित्र सुस्पष्ट हवे, तर दरमहा निराळी वर्गणी मोजावी लागते.

आज सार्वजनिक मोठा पडदा उरला आहे तो क्रिकेटच्या अंतिम सामन्यापुरता. चौकात तो पुढारी लावतात, आणि वर त्यांचे छायाचित्र पडद्याएवढेच मोठे असते. नागरिकांचा हक्क असा उपकार म्हणून वाटला जातो.

आपल्या कार्यकर्त्यांनी म्हणूनच काही ठोस मागण्या हाती घेतल्या पाहिजेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या प्रत्येक प्रभागात समाजमंदिर, वाचनालय किंवा पालिका शाळेच्या सभागृहात एक चांगला पडदा असावा. दिवसा तो विद्यार्थ्यांच्या आणि संध्याकाळी वस्तीच्या कामी यावा, आणि काय दाखवायचे ते रहिवाशांच्या समितीने ठरवावे. मोठ्या संचांवरील वाढीव कर पुन्हा लागू करून ते उत्पन्न याच कामी लावावे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यापुढे जाऊन सुटे भाग ठरावीक वर्षे पुरविण्याचे कायदेशीर बंधन कंपन्यांवर घालावे. प्रभागनिहाय ई-कचरा केंद्रे उघडून भंगार कामगारांना तेथे ओळखपत्र, संरक्षक साधने आणि रास्त मजुरी द्यावी.

या मागण्यांत अवघड असे तंत्रज्ञान कोणतेही नाही. पालिका रस्तोरस्ती दिवे लावते, वाचनालये चालविते, नाट्यगृहे उभारते. पडदाही त्याच यादीत बसतो. तो त्या यादीत घालण्यासाठी वस्तीवस्तीत सभा घ्याव्या लागतील, सह्या गोळा कराव्या लागतील आणि पालिकेच्या दारात उभे राहावे लागेल. त्या कामाला मानपाड्यापासूनच आरंभ करावा, दोन्ही मानपाड्यांपासून.