दक्षिणेची खिडकी

गृहसजावट हा शब्द उच्चारला की शहरातील दुकानांच्या काचा, भरजरी पडदे आणि कागदी फुले नजरेसमोर येतात आणि हा सुखवस्तूंचा छंद आहे, असे मानून विषय तेथेच संपविला जातो. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांपुरते तरी हे खरे नव्हे. तेथे हिवाळ्यात घर आतून कसे आहे, हा सार्वजनिक हिताचा प्रश्न होऊन बसला आहे.

त्याचे कारण घराबाहेर आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पातील धरणांनी या भागाला पाणी दिले. पाण्यामागोमाग ऊस आला आणि उसाच्या आडोशाला बिबट्या राहू लागला. पूर्वी हिवाळ्याची संध्याकाळ अंगणातील शेकोटीभोवती सरत असे. आज मळ्यातील वस्तीवर दिवस मावळताच दार लावून घेणे हेच शहाणपण ठरले आहे. वृद्ध माणसे, स्त्रिया आणि शाळकरी मुले त्या लांबलचक रात्री चार भिंतींच्या आत काढतात. भिंती अंधाऱ्या, गार आणि कोंदट असतील, तर मन प्रसन्न राहावे कसे?

ऋतू आणि मन यांचा संबंध काल्पनिक नाही. दर हिवाळ्यात येणाऱ्या खिन्नतेचे वर्णन नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध केले आणि तिच्यावर प्रखर प्रकाशाचा उपाय सुचविला. उत्तरेकडील देशांत दिवस फारच आखूड होतो, म्हणून तेथे खास दिव्यांचा आधार घ्यावा लागतो. जुन्नरला डिसेंबरातही सुमारे ११ तासांचा दिवस लाभतो. येथे सूर्य कमी पडत नाही. घराला खिडकी कमी पडते.

डिसेंबरच्या उत्तरार्धात भरदुपारी सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४७ अंशांवर असतो. मेच्या मध्यास तो जवळजवळ माथ्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेची खिडकी थंडीत ऊन खोलवर आत घेते आणि उन्हाळ्यात ते बाहेरच थोपविते. परंतु दक्षिण म्हणजे यमाची दिशा, या समजुतीपायी नेमकी तीच भिंत अनेकदा बंद ठेवली जाते. जुन्नरकरांनी तरी लेण्याद्रीकडे पाहावे. तेथील सुमारे तीस लेण्यांची मुखे दक्षिणेस आहेत आणि अष्टविनायकांतील गिरिजात्मजाचे स्थान त्यांपैकीच एका लेण्यात आहे. देवाला जी दिशा वर्ज्य नाही, ती माणसाला का असावी?

उरलेली सजावट फार खर्चाची नाही. चुन्याने पांढरी केलेली भिंत थोडा उजेडही खोलीभर पसरविते. जुन्या लुगड्यांची गोधडी दिवसा उन्हात तापवून रात्री अंथरली की ऊब आणि रंग दोन्ही मिळतात. गार फरशीवर घोंगडी घातली की मुलांना अभ्यासाला बसावेसे वाटते.

भिंती रंगवून बिबट्या हटणार नाही, हे उघड आहे; ती जबाबदारी शासनाची आहे आणि तिच्यातून त्याला सुटका नाही. पण घरकुलाची जबाबदारीही शासनाचीच आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविले आहे. एवढ्याशा जागेत भिंत कोठे उघडावी, याचा विचार क्षेत्रफळाइतकाच महत्त्वाचा आहे. आराखडा मंजूर करताना दक्षिणेला मजबूत गजांची एक खिडकी आणि उन्हात बसण्यापुरती बंदिस्त जाळीची ओसरी यांचा आग्रह धरला, तर खर्च थोडाच वाढेल. अंगण गमावलेल्या माणसांना निदान ऊन तरी परत मिळाले पाहिजे.