गाडी कष्टाची की तोऱ्याची?

मुंबईच्या उपनगरांतील रस्त्यांवर आज दोन प्रकारच्या गाड्यांची रेटारेटी चालू आहे. एक आहे टाटाचा 'छोटा हत्ती'. २००५ साली तो बाजारात आला. इंजिन जेमतेम ७०० सी.सी.चे, पण पाऊण टन माल ओढणारे. साकीनाक्याचे फर्निचर, घाटकोपर-मुलुंडच्या दुकानांतले धान्य, भाड्याची खोली बदलणाऱ्या कुटुंबाचा अख्खा संसार तो वाहतो. दुसरी आहे फॉर्च्युनर, हायलक्ससारखी अवाढव्य गाडी. हायलक्स तर मालवाहू पिकअपच्या कुळातली. परंतु तीस लाखांहून अधिक मोजून घेतलेल्या गाडीच्या हौद्यात सिमेंटची गोणी टाकणार कोण?

'साइटवर जावे लागते', 'गावाकडचे रस्ते खराब आहेत', असा युक्तिवाद केला जातो. काहींच्या बाबतीत तो खराही आहे. सहा डिसेंबरला खेड्यापाड्यांतून जीपगाड्या माणसांनी खच्चून भरून चैत्यभूमीकडे येतात. त्याला कुणी थाट म्हणणार नाही. परंतु बोरिवलीहून अंधेरीला एकटाच माणूस अशी गाडी घेऊन निघतो, तेव्हा त्या गाडीचे काम एकच असते: समोरच्याने बाजूला व्हावे! १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा गेला. काळ्या फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंद केल्या. पुढचे लोखंडी बुलबार केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बेकायदा ठरवले. दिवा गेला, तोरा मात्र गाडीच्या आकारात शिरला.

वाहन आणि प्रतिष्ठा यांचे नाते आपल्याला नवे नाही. १९२९ साली चाळीसगावला बॅरिस्टर असलेल्या बाबासाहेबांना टांग्यात बसवून नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. पाहुण्याने पायी यावे हे वस्तीतील लोकांना मान्य नव्हते. म्हणून टांगा हाकण्याचा सराव नसलेला आपलाच माणूस पुढे बसला, अपघात झाला आणि बाबासाहेब जबर जखमी झाले. त्यामुळे आपल्या तरुणाने चांगली गाडी घेतली तर तिची टिंगल करण्याचा अधिकार कुणालाही नाही. परंतु ती लोकांची मागणी सन्मानाची होती, दुसऱ्याला रस्त्यावरून हुसकावण्याची नव्हती. हा फरक चळवळीतल्या पुढाऱ्यांनीही ध्यानात ठेवावा.

खरा प्रश्न जागेचा आहे. हायलक्स सव्वापाच मीटरहून लांब आणि सुमारे १.८५ मीटर रुंद. म्हणजे ती उभी राहिली की शंभराहून अधिक चौरस फूट जागा अडते. झोपडपट्टी पुनर्वसनात अख्ख्या कुटुंबाला मिळते ते घर ३०० चौरस फुटांचे. पूर्वी तर ते २२५ चौरस फुटांचेच होते. फेरीवाल्यांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने फेरीवाल्याला जागा आखून दिली एक मीटर बाय एक मीटर! एका गाडीच्या जागेत नऊ फेरीवाले पोट भरतील. त्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण सार्वजनिक वापराची जागा खासगी कामासाठी अडवण्याचा हक्क कुणालाही नाही, असेही बजावले. हे तत्त्व झोपडीवर बुलडोझर होऊन येते. मग सोसायटीबाहेर रात्रभर फुकट उभ्या असलेल्या गाडीपाशी ते का थबकते? 'आम्ही रोड टॅक्स भरतो' हे त्यावरचे उत्तर नव्हे. तो कर रस्त्यावर गाडी चालवण्यासाठी आहे, रस्ता गॅरेज म्हणून वापरण्यासाठी नाही.

म्हणून गाडीवर बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. महापालिकेने रस्त्यावरील पार्किंगचा आकार गाडीने अडवलेल्या चौरस फुटांवर घ्यावा. टेम्पोंना माल चढ-उतारासाठी हक्काची जागा आणि थांबे द्यावेत. पदपथ पादचाऱ्यांना मोकळे करताना टोपलीच्या आधी गाडी उचलावी. वॉर्ड कार्यालयात या मागण्यांचे निवेदन घेऊन जाणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. घटनेने प्रत्येकाला एक मत, एक मूल्य दिले. रस्त्यावर मात्र ज्याची गाडी मोठी त्याचे मूल्य मोठे, हा न्याय आपण का चालू द्यायचा?