पदवीच्या वाटेवरचे जकातनाके

काशीतील ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पेशवाईपासून राहत आली आहेत. त्यांपैकी एका घराशी माझा जुना घरोबा आहे. त्या घरात तीन वर्षांपूर्वी विदर्भातून सून आली. शाळेपासून मराठी माध्यमात शिकलेली, बी.ए.चे पहिले वर्ष पूर्ण केलेली. संसार, सासूबाईंचे आजारपण आणि लहान मूल यांतून वेळ काढून पदवी पुरी करावी, एवढीच तिची इच्छा. तिने मला विचारले, “काका, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून मराठीत शिकता येईल का?” मी सांगितले, ते विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन झाले आहे, त्याची अभ्यासकेंद्रे महाराष्ट्राच्या हद्दीतच चालतात. तिने दुसरा प्रश्न केला, “मग पुस्तके तरी काशीला येतात ना?” या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

पुढे तिने इथल्याच एका महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ मंचावरून इतिहासाचा चार श्रेयांकांचा एक अभ्यासक्रम पूर्ण केला. परीक्षा दिली, उत्तीर्ण झाली, श्रेयांक तिच्या खात्यात जमाही झाले. महाविद्यालयाने मात्र ते स्वीकारले नाहीत. “हा विषय आमच्या यादीत नाही,” एवढेच तोंडी उत्तर मिळाले. आता त्याच विषयाचा पेपर तिला पुन्हा द्यावा लागणार आहे.

प्रशासकीय सेवेत असताना अशा अर्जांवर ‘क्षेत्राधिकाराबाहेर’ असा शेरा मी स्वतः कितीदा मारला असेल, याची मोजदाद नाही. तो शेरा नियमाला धरूनच असे. आज इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्या नियमाचे मूळ शोधू लागलो, तेव्हा जाणवले की त्याचे प्रयोजन बदलले, पण त्याचा अंमल तसाच राहिला.

विद्यापीठांना भौगोलिक हद्द आखून देण्याचा अधिकार लॉर्ड कर्झन यांच्या काळात, १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने गव्हर्नर जनरलला मिळाला. त्याआधी हद्दी बऱ्याच सैल होत्या. १८८७ मध्ये अलाहाबाद विद्यापीठ स्थापन होईपर्यंत बनारसचे क्वीन्स कॉलेज शेकडो मैल दूर असलेल्या कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते. हद्द आखण्यामागे राजकीय नियंत्रणाचा हेतू होताच. पण एक व्यावहारिक कारणही होते. संलग्न महाविद्यालयाची तपासणी करायची तर निरीक्षकाला तिथवर पोहोचता आले पाहिजे. म्हणजे ती हद्द इमारतींसाठी होती. विद्यार्थ्याने घरी बसून काय वाचावे, याच्याशी तिचा संबंध नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. १९८२ मध्ये हैदराबादेत देशातील पहिले मुक्त विद्यापीठ उभे राहिले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९९ मध्ये आमच्या उत्तर प्रदेशाचे राजर्षी टंडन मुक्त विद्यापीठ. राष्ट्रीय विद्यापीठाला देशभर मुभा, राज्यांच्या विद्यापीठांना आपापल्या राज्याची सीमा, अशी वाटणी यातून रूढ झाली.

ही सीमा निव्वळ लालफितीतून आली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दूरशिक्षणाच्या नावाखाली देशात जो बाजार मांडला गेला, तो माझ्या पिढीतील अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. एका राज्यातले विद्यापीठ, दुसऱ्या राज्यात दुकानाच्या माळ्यावर थाटलेले अभ्यासकेंद्र, आणि दोहोंच्या मध्ये दलाल. छत्तीसगडने २००२ मध्ये केलेल्या कायद्याच्या आधारे शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे कागदावर जन्माला आली. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये त्या तरतुदी रद्द केल्या आणि राज्याचा कायदा राज्याबाहेर चालत नाही, हेही स्पष्ट केले. २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने क्षेत्राधिकाराचा नियम पुन्हा बजावला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना हात घातला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या व त्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. नोकरीत दहा-बारा वर्षे काढलेली माणसे रातोरात बारावी उत्तीर्ण ठरली. सीमेचा नियम ज्यांनी केला, त्यांच्यासमोर ही माणसे होती.

परंतु आजचे नियम नीट वाचले तर एक विसंगती ठळकपणे समोर येते. सप्टेंबर २०२० च्या विनियमांनुसार दूरशिक्षणाला क्षेत्राधिकाराची मर्यादा आहे. ऑनलाइन पदवीला मात्र ती नाही. ऑनलाइन पदवी देण्यासाठी विद्यापीठाला नॅकचे ३.२६ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत वरचे स्थान लागते. ही अट पूर्ण झाली की विद्यार्थी काशीत असो वा कोचीत, हरकत नाही. म्हणजे तोच धडा पडद्यावरून आला तर राज्याची सीमा आड येत नाही. छापील पुस्तकातून आला तर येते. आता पुस्तकावर कोण अवलंबून असते? ज्याच्या घरी एकच मोबाइल आहे तो, जिला दुपारी दोन तास मोकळे मिळतात ती, ज्याला इंग्रजी जड जाते तो. जो अधिक गरजू, त्याच्याच वाटेवर जकातनाका उभा, असा याचा अर्थ होतो.

दुसरी विसंगती श्रेयांकांच्या हस्तांतरणात आहे, आणि ती अधिक बोचणारी आहे. ‘स्वयम’ मंच जुलै २०१७ मध्ये सुरू झाला. त्यासाठीचे आयोगाचे विनियम त्याच्याही आधी, २०१६ मध्ये आले. एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने घेण्याची मुभा तेव्हा होती. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. ‘स्वयम’वर मिळवलेले श्रेयांक नाकारू नयेत, असे २०१६ च्या विनियमांनी विद्यापीठांना बजावले होते. पण कोणते अभ्यासक्रम हस्तांतरणास योग्य, हे ठरवण्याचे काम त्याच विनियमांनी विद्यापीठाच्या विद्यापरिषदेकडे दिले, आणि त्यासाठी चार आठवड्यांची मुदत घातली. परिषदेची बैठक वेळेवर झाली नाही, झाली तरी यादी निघाली नाही, निघाली तरी ती महाविद्यालयाच्या सूचनाफलकापर्यंत आली नाही, तर काय? नियम मोडल्याचे कोणावरच येत नाही. विद्यार्थिनीचे वर्ष मात्र जाते.

जुलै २०२१ मध्ये श्रेयांकांची राष्ट्रीय बँक स्थापन झाली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिथे साठतात, साधारणतः सात वर्षे टिकतात, आणि पदवीसाठी किमान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवावे लागतात. कल्पना उत्तम आहे. पण बँकेत पैसे असून धनादेश वटत नसेल तर त्या शिलकीला काय अर्थ? श्रेयांक जमा होणे आणि श्रेयांक स्वीकारले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी कोणीही स्पष्टपणे सांगत नाही.

म्हणून, व्यवस्था सुधारेपर्यंत, अशा अभ्यासक्रमाच्या शोधात असलेल्या तरुणांनी एक क्रम पाळावा. शोधाची सुरुवात ‘स्वयम’च्या यादीपासून करू नये, आपल्या विद्यापीठाच्या अध्यादेशापासून करावी. आपल्याला कोणत्या पेपरऐवजी बाहेरचा अभ्यासक्रम चालेल, हे आधी पाहावे. मग ‘स्वयम’वर त्याच पातळीचा, तितक्याच श्रेयांकांचा अभ्यासक्रम निवडावा. नोंदणीपूर्वी विभागप्रमुखांची लेखी संमती घ्यावी. तोंडी होकारावर विसंबू नये. अंतिम परीक्षेसाठी वेगळी नोंदणी व शुल्क असते आणि ती ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते, हे विसरू नये. नुसते व्हिडिओ पाहून श्रेयांक मिळत नाहीत. संपूर्ण पदवीच दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घ्यायची असेल, तर त्या सत्रासाठी, त्या विषयासाठी संस्थेला मान्यता आहे की नाही, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहावे, जाहिरातीत नव्हे. अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र असे कित्येक विषय या मार्गाने शिकवण्यास मनाई आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

पण एवढी सगळी दक्षता एकट्या विद्यार्थ्याने घ्यावी, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. मला तीन बदल आवश्यक वाटतात. पहिला, प्रत्येक विद्यापीठाने सत्र सुरू होण्यापूर्वी आपल्या कोणत्या पेपरऐवजी ‘स्वयम’चा कोणता अभ्यासक्रम चालेल, याची समकक्षता यादी प्रसिद्ध करावी, मुदतीत यादी न निघाल्यास त्या पातळीचा अभ्यासक्रम मान्य झाला असे धरावे. दुसरा, श्रेयांक नाकारायचे असतील तर तीस दिवसांत, कारणासह, लेखी नाकारावेत आणि त्यावर अपील असावे. तिसरा, राज्यांच्या मुक्त विद्यापीठांना आपल्या भाषेतील अभ्यासक्रम राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांना देण्याची मुभा मिळावी. परराज्यात अभ्यासकेंद्रे काढू देऊ नयेत, कारण गैरप्रकार तिथेच होतात. पुस्तके टपालाने जावीत, मार्गदर्शन पडद्यावरून व्हावे आणि परीक्षा सरकारी केंद्रावर व्हावी. दलालाला जागा न ठेवता विद्यार्थ्याला वाट देता येते.

यावर प्राध्यापक मंडळी एक शंका घेतील, आणि ती रास्त आहे. चाळीस टक्के विषय बाहेरून येऊ लागले तर रिक्त जागा भरण्याची निकडच सरकारला उरणार नाही. शिक्षक नाहीत म्हणून ‘स्वयम’, आणि ‘स्वयम’ आहे म्हणून शिक्षक नाहीत, असे चक्र फिरू लागेल. विनियमांनीच शिक्षकांची अनुपलब्धता हे ‘स्वयम’ स्वीकारण्याचे एक कारण मानले आहे, हे पाहता ही भीती काल्पनिक नाही. म्हणून बाहेरच्या अभ्यासक्रमाला महाविद्यालयात एक मार्गदर्शक शिक्षक असावा आणि ते काम त्याच्या कार्यभारात मोजले जावे. ऑनलाइन अभ्यासक्रम वर्गाची जागा घेण्यासाठी नाही. ज्यांना वर्ग गाठता येत नाही त्यांच्यासाठी आहे.

मान्यतेच्या प्रश्नाला या शहराच्या इतिहासात एक जुना संदर्भ आहे. १० फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या उपस्थितीत काशी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. सरकारी मदत आणि सरकारी नियंत्रण, दोन्ही या संस्थेने नाकारले. तिच्या पदवीला ब्रिटिश सरकारच्या दप्तरी किंमत नव्हती. तिथून १९२५ मध्ये ‘शास्त्री’ ही पदवी घेतलेला एक तरुण ती आडनावासारखी लावू लागला आणि पुढे देशाचा पंतप्रधान झाला. महाराष्ट्रात धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठालाही सरकारी मान्यतेसाठी स्वातंत्र्य मिळेपर्यंत थांबावे लागले. त्याच कर्व्यांना १९४२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. सरकारने ज्यावर शिक्का मारला नव्हता, त्या कामाची कदर दुसऱ्या प्रांतातल्या विद्यापीठाने केली.

ही उदाहरणे नियम नकोत असे सांगण्यासाठी दिलेली नाहीत. २०१७ च्या निकालाने होरपळलेल्यांना नियमांचे मोल विचारावे. सांगायचे इतकेच की मान्यता ही विद्यार्थ्याने काय आत्मसात केले याची असावी, तो कोणत्या जिल्ह्यात राहतो याची नव्हे. परीक्षा केंद्र सरकारच्या मंचावर झाली, गुणपत्रिका तिथूनच मिळाली, श्रेयांक राष्ट्रीय बँकेत नोंदले गेले. तरीही शेवटच्या खिडकीवर ‘यादीत नाही’ असे उत्तर मिळत असेल, तर दोष त्या खिडकीचा आहे.

ब्रह्माघाटावरच्या त्या सुनेला मी लेखी अर्ज करायला सांगितले. अर्जाचा मसुदा करून दिला आणि त्यात विनियमाचा हवालाही घातला. ज्या हाताने इतकी वर्षे ‘क्षेत्राधिकाराबाहेर’ लिहिले, त्याच हाताने तो मसुदा लिहिताना थोडे संकोचल्यासारखे झाले. अर्ज देऊन सहा आठवडे झाले आहेत. उत्तर आलेले नाही. ती दुपारी मूल झोपल्यावर त्याच पेपरचा पुन्हा अभ्यास करते आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून वाराणसीत वास्तव्यास आहेत.)