प्रवासाचें पान : शामारेलची रंगीत माती

गेल्या नाताळच्या सुटींत सहकुटुंब मॉरिशसला जाण्याचा योग आला. बेटाच्या नैर्ऋत्येस शामारेल नांवाचें खेडें आहे. तेथील उघड्या टेकाडांवर तांबडा, तपकिरी, पिवळा, निळा, जांभळा असे नाना रंग लाटांप्रमाणें पसरलेले दिसतात. सभोंवार गर्द झाडी. परंतु त्या रंगीत भूमीवर गवताची काडीहि नाहीं. "जमीन इतकी सुंदर, मग ओसाड कां?" असें धाकट्या सुनबाईनें विचारलें.

ही माती ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाची झालेली आहे. उष्ण हवेंत दीर्घकाळ पाऊस मुरत राहिला आणि झाडांस पोसणारे बहुतेक क्षार त्याबरोबर वाहून गेले. मागें उरलीं तीं मुख्यतः लोहाचीं व ॲल्युमिनियमचीं संयुगें. हे रंग त्यांचेच. आतां भोंवतीं लांकडी कठडा असून आंत पाऊल टाकण्यास मनाई आहे. दुकानांत मात्र रंगीत मातीच्या लहान लहान नळ्या विकावयास ठेवलेल्या असतात.

आमचा मोटारचालक मराठी वंशाचा होता. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडून गिरमिटावर उंसाच्या मळ्यांत आलेले. १८३४ पासून सुमारें साडेचार लक्ष हिंदी मजूर या बेटावर उतरले. पोर्ट लुई येथील त्यांचा आप्रवासी घाट २००६ सालीं जागतिक वारसास्थळांत गणला गेला. चालक घरीं क्रिओल बोलतो. मराठी तो शाळेंत शिकला. त्यानें संकोचानें विचारलें, "काका, रत्नागिरीची माती अशीच काय?"

माझें आजोळ तिकडचेंच. मीं म्हटलें, "अशीच तांबडी. तीहि ज्वालामुखीच्या कातळाचीच. तेथील तांबड्या दगडाला आम्ही जांभा म्हणतों." भूगर्भशास्त्रज्ञांच्या मतें, पृथ्वीच्या पोटांतील ज्या तप्त स्थानांतून सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं सह्याद्रीचा कातळ ओतला गेला, त्यांतूनच पुष्कळ काळानें मॉरिशसहि समुद्राबाहेर आलें. तोच अग्नि आज शेजारच्या रीयुनियन बेटावर धगधगत आहे.

चालकानें 'जांभा' हा शब्द दोनदां उच्चारून पाहिला. मग म्हणाला, "घरीं आईला सांगेन."

आजोळच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर आमचें सारें बालपण गेलें. पण त्या कशाच्या घडल्या, हें कोणास विचारल्याचें मला आठवत नाहीं. नळी आम्हीं घेतली नाहीं. येत्या उन्हाळ्यांत मुलांना त्या पायऱ्या दाखवावयास न्यावयाचें, असें मात्र सुनबाईनें विमानांतच ठरविलें.