जिवंत खडक व आमची घाई

खाऱ्या पाण्याचें मत्स्यपात्र घरीं मांडतांना आमच्या हातून एक चूक घडली; ती वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

एका स्नेह्यांनीं आपल्या जुन्या पात्रांतील ‘जिवंत खडक’ आम्हांस धाडला. हा खडक म्हणजे मृत प्रवाळांचा सच्छिद्र सांगाडा. त्याच्या रंध्रांतील सूक्ष्म जंतु पात्रांतील घाण निवारतात. परंतु दोन दिवसांच्या प्रवासांत त्यावरील पुष्कळ जीव मेले होते. ते कुजले कीं अमोनिया निघतो, याचा विचार न करितां आम्ही खडक पात्रांत मांडला व लागलींच मासे सोडले. आठवड्याच्या आंत चारही मासे गेले. मुलांस काय उत्तर द्यावें, तें आम्हांस सुचेना.

असा खडक प्रथम निराळ्या पिंपांत, १.०२५ विशिष्ट गुरुत्वाच्या खाऱ्या पाण्यांत, सुमारें २६ अंश सेल्सिअस उष्णतेंत ठेवावा. पाणी पंपानें खेळतें ठेवावें, मेलेला भाग ब्रशानें काढावा, दर आठवड्यास पाणी बदलावें. कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट करितात, दुसरे त्याचें नायट्रेट. तपासणींत अमोनिया व नायट्राइट शून्य आले आणि दुर्गंधि गेली, कीं खडक मुरला. यास बहुधा तीन ते सहा आठवडे लागतात.

खडकासाठीं मालवणच्या समुद्रास मात्र हात लावूं नये. प्रवाळांस २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. कृत्रिम खडकही कालांतरानें जिवंत होतो. लोणचें मुरेपर्यंत थांबणाऱ्या गृहिणींस हा धीर शिकवावयास नको. आम्ही मात्र तो चार मासे गमावून शिकलों.