रोग्याची सोबत आणि मजुरीचा हिशेब

स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडली, टाके निघाले, की घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. स्वादुपिंडाचा दर्शनी भाग, त्याला लागून असलेले लहान आतड्याचे पहिले वळण आणि पित्ताशय काढून टाकल्यावरही रोग उलटण्याचा संभव मोठा असतो. म्हणून पुढे सुमारे सहा महिने केमो घ्यावी लागते. फ्रान्स व कॅनडातील रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2018 साली पुढे आले. अनेक औषधांचा एकत्रित मारा सोसू शकणाऱ्यांपैकी निम्मे रोगी 54 महिन्यांहून अधिक जगले. जुन्या एकाच औषधावर हा आकडा 35 महिन्यांचा होता. उपचार कडक, पण त्यातून मिळणारी वर्षे खरी आहेत. तो सोसता यावा याची तजवीज मात्र घराने करायची असते, आणि त्या कामाची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही.

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून पाहिले म्हणजे या कामाचे माप कळते. पोलादपूरहून परळचे टाटा रुग्णालय दोनशे किलोमीटरांच्या घरात आहे. हा कडक उपचार दर चौदा दिवसांनी, एकूण 12 वेळा घ्यायचा असतो. दिवसभर सलाइन, त्यानंतर 46 तास शरीराला जोडलेला औषधाचा पंप, तो काढायला पुन्हा रुग्णालय. जाण्यायेण्यासह प्रत्येक फेरीला चार दिवस धरले तर 48 दिवस होतात. वय झालेल्या, अशक्त रोग्याला सौम्य औषध दिले तर तीन आठवडे आठवड्यातून एकदा आणि चौथा आठवडा विश्रांती, अशा 18 फेऱ्या. त्यातही आधी रक्त तपासले जाते. पेशी कमी भरल्या की सलाइन पुढे ढकलले जाते. डॉक्टरांचा निर्णय योग्यच असतो, पण ती फेरी आणि मुलाची मजुरी दोन्ही बुडतात.

एके काळी या तालुक्यांना परळ परके नव्हते. इथली माणसे गिरण्यांत होती. गावकऱ्यांच्या खोल्या लालबाग-परळच्या चाळींतून होत्या, आणि गावाहून आलेल्या आजाऱ्याला तेथे पथारी मिळत असे. 1941 साली सुरू झालेले टाटा रुग्णालय त्या वस्तीच्या मध्यावर उभे होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि चाकरमानी विरार-बदलापूरकडे फेकला गेला. गिरणगाव मोडले तेव्हा नोकऱ्यांचा हिशेब निदान मांडला तरी गेला. रोग्याच्या हक्काच्या पथारीचा कोणी मांडला नाही. आज धर्मशाळेत जागा न मिळाल्यास पदपथ उरतो.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2 जुलै 2012 रोजी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत रायगड होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एस.टी. मोफत आहे, केमोनंतर ओकारीने हैराण झालेला म्हातारा तीत सहा तास बसू शकतो की नाही, हा भाग वेगळा. औषधाचे पैसे मिळतात, सोबतीच्या माणसाच्या दिवसांचे मिळत नाहीत.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबणारा मुलगा घ्या. कर्मचारी राज्य विमा योजनेत तो स्वतः कर्करोगाने आजारी पडला, तर काही अटींवर मजुरीच्या 80 टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला औषधोपचारही मिळतात. परंतु तिच्या उशाशी बसण्यासाठी त्याने घेतलेल्या खाड्यांचे मोल शून्य. मग मुलगा कामावर राहतो आणि सून शेत, मुले व गुरे सोडून परळला जाते. तिच्या दिवसांना मुळातच भाव नाही, म्हणून ते सर्वांत स्वस्त!

यावर ठरलेला आक्षेप असा की आईवडिलांची सेवा हे कर्तव्य आहे, त्याचे पैसे कसले मागता? हाच युक्तिवाद बाळंतपणाबाबतही होत असे. चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. त्यानंतर वर्षभराने, 1928 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाचा पुरस्कार केला. मातेला विसावा मिळण्यात राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये कायदा झाला. 2017 पासून ती रजा 26 आठवड्यांची आहे. स्वादुपिंडाची केमो सुमारे 24 आठवड्यांची. जन्माच्या वेळी जे तत्त्व मान्य झाले, ते आजारपणात अमान्य करण्याला अर्थशास्त्रीय आधार नाही.

भत्त्याइतकीच निकड अंतर कमी करण्याची आहे. केमो चालू असताना ताप 100.4 अंशांवर गेला तर तो घरी काढण्याचा ताप नव्हे. पांढऱ्या पेशी घटलेल्या असल्यास काही तासांत जिवावर बेतते. 22 जुलै 2021 रोजी तळियेवर दरड कोसळली आणि महाड पाण्याखाली गेले, तशा रात्री वाडीवरून रोगी न्यायचा कोठे? 2025 च्या केंद्रीय अंदाजपत्रकाने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत केमोची दिवसभराची केंद्रे काढण्याचे जाहीर केले. रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला. पोलादपूरच्या रोग्याने माणगाव, नागोठणे, वडखळ करीत तेथे पोहोचायचे म्हणजे जवळजवळ मुंबईचीच वाट धरायची. उपचाराची आखणी परळला होऊ द्या, पण रक्ततपासणी, सलाइन, पंप काढणे आणि तापाचा पहिला उपचार महाडलाच झाला पाहिजे. चार खाटा, प्रशिक्षित परिचारिका, औषध कालविण्याची सुरक्षित व्यवस्था आणि परळशी दूरध्वनीने बांधलेला डॉक्टर, एवढ्यावर ही सुरुवात होऊ शकते. महाडच्या कारखान्यांतील संघटनांनी पुढच्या करारांच्या मागणीपत्रात बोनसच्या खालोखाल सोबतीच्या भरपगारी रजेचे कलम घालावे, आणि ठेकेदाराच्या कामगारांना त्यातून वगळू देऊ नये.